एका आठवड्यात ६२३ यार्डांवरून तीन इंटरसेप्शनवर: २०२० मधला बचाव कुठे फसला, कुठे टिकला?

हॅशमार्क

अमेरिकन कॉलेज फुटबॉलबद्दल विचारतोय. २६ सप्टेंबर २०२० ला बॅटन रूजमध्ये मिसिसिपी स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) के. जे. कॉस्टेलो याने गतविजेत्या एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) ६० पैकी ३६ पास पूर्ण करून ६२३ यार्ड काढले. तो एसईसी या विद्यापीठांच्या परिषदेचा नवा विक्रम ठरला आणि सामना ४४-३४ असा मिसिसिपी स्टेटने जिंकला. पुढच्या शनिवारी क्वार्टरबॅक तोच, प्रशिक्षक माइक लीच यांचं एअर रेड हे पासवर पास टाकणारं आक्रमणही तेच, पण अर्कान्साने त्यांना २१-१४ ने हरवलं. अर्कान्साचा एसईसीतला सलग वीस पराभवांनंतरचा हा पहिला विजय होता. त्यापुढच्या शनिवारी केंटकीने सहा इंटरसेप्शन घेऊन (म्हणजे समोरच्याचे पास मधेच पकडून) २४-२ ने सामना मारला. ते दोन गुणही सेफ्टीचे (समोरच्याचा चेंडू त्याच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे टोकाच्या पट्ट्यात, संपला की मिळणारे), आक्रमणाचा भोपळाच.

माझे प्रश्न असे:

१. एलएसयूचा बचाव कोसळला तो करोनामुळे स्प्रिंगचा (वसंतातला) सराव बुडाला म्हणून, की कारण वेगळं आहे?
२. अर्कान्साने मैदानावर नेमकं काय बदललं?
३. शनिवारी कोण उपलब्ध असेल हे मंगळवारी माहीत नसताना डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरने (बचावाच्या प्रशिक्षकाने) तयारी कशी करायची?

टेक्निक_तीन

स्प्रिंगचं कारण खरं आहे, पण अर्धंच. एरवी स्प्रिंगचे १५ आणि हंगामाआधीच्या कॅम्पचे २५ असे ४० सराव हाताशी असतात. २०२० मध्ये मार्चच्या मध्यावर सगळं थांबलं. मग पडद्यावरच्या बैठका, आणि एसईसीचा खरा सराव सुरू झाला १७ ऑगस्टला. त्यातही पहिले दोन दिवस नुसती हेल्मेट, पुढचे दोन दिवस हेल्मेट आणि शोल्डर पॅड, आणि पूर्ण पॅड पाचव्या दिवशी. एवढ्या वेळात येत असलेली पद्धत घोटून घेता येते. नवी पद्धत रुजवायला तो पुरत नाही.

एलएसयूने नेमकी नवीच आणली. कोऑर्डिनेटर डेव्ह अरांडा जानेवारीत बेलरचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले, त्यांची ३-४ (पुढे तीन लाइनमन, त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) त्यांच्याबरोबर गेली. त्यांच्या जागी बो पेलिनी ४-३ घेऊन आले. त्या वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या निवडीत) एलएसयूचे १४ खेळाडू निवडले गेले होते. डेल्पिट, फुल्टन, क्वीन, चेसन, फिलिप्स, लॉरेन्स हे सगळे त्यातले बचावातले. टायलर शेल्विन आणि कॅरी व्हिन्सेंट ज्युनियर यांनी हंगामातून माघार घेतली, आणि पहिल्या सामन्याला डेरेक स्टिंगली ज्युनियरही नव्हता.

अशा ताफ्याकडून सतत मॅन कव्हरेज खेळवलं गेलं, म्हणजे प्रत्येकाने एकेका रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धरून राहायचं. मॅनमध्ये घोळ होतो तो स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होतो त्याच्या) आधीच्या तीन-चार सेकंदांत. तीन रिसीव्हर एकत्र गुच्छ करून उभे राहिले तर नियम साधारण असा: सगळ्यात पुढच्याला एकाने ओळीवरच अडवायचं, उरलेल्यांपैकी जो आधी बाहेर वळेल तो कॉर्नरचा (कडेच्या बचावपटूचा), जो आधी आत वळेल तो आतल्या सेफ्टीचा (इथे सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू) किंवा निकेलचा (मागच्या फळीतल्या पाचव्याचा). आता कॉर्नरला वाटलं ‘अदलाबदल’ आणि निकेलला वाटलं ‘आपापला माणूस’, की दोघं एकाच्या मागे जातात आणि दुसरा मोकळा पळतो. स्नॅपआधी रिसीव्हर एका बाजूकडून दुसरीकडे गेला तर त्याच्यामागे पळायचं की शेजाऱ्याकडे सोपवायचं, हाही तसाच प्रश्न. हे फळ्यावर सगळ्यांना समजतं. पण हाक ऐकल्यावर पाय आपोआप हलायला शेकडो रेप्स (आवृत्त्या) लागतात, आणि स्प्रिंगचे १५ दिवस असतात ते यासाठीच.

एअर रेडचा ‘मेश’ तर मॅनसाठीच रचलेला आहे. दोन रिसीव्हर साधारण सहा यार्डांवर एकमेकांना खेटून विरुद्ध दिशांना जातात आणि त्यांचे रक्षक एकमेकांत अडकतात. त्याच वेळी रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा) बाजूला निसटतो. कायलिन हिलने त्या दिवशी रनिंग बॅक असून ८ झेलांत १५८ यार्ड काढले, ते लाइनबॅकरना मागे धावायला लावून. पुढे १० ऑक्टोबरला मिझुरीच्या कॉनर बेझलॅकने ३४ पैकी २९ पास पूर्ण करून ४०६ यार्ड काढले आणि एलएसयू ४५-४१ ने हरला. तिथेही पाहिलंत तर बचावपटू हरलेला कमी वेळा दिसतो. जागेवर बचावपटूच नाही, असंच जास्त वेळा दिसतं.

बाउंड्री_कॉर्नर

वरचा तपशील मान्य, निष्कर्ष नाही. अर्कान्साचे सॅम पिटमनही त्या वर्षी नवे होते आणि कोऑर्डिनेटर बॅरी ओडमही नवे. स्प्रिंग त्यांचाही गेला होता, आणि गुणवत्ता एलएसयूपेक्षा कितीतरी कमी. तरी आठवड्याच्या तयारीत जमलं. म्हणजे फरक सरावाच्या दिवसांचा नव्हता, त्या दिवसांत काय शिकवायचं ठरवलं याचा होता.

ओडम यांनी तीन लाइनमन, दोन लाइनबॅकर आणि सहा डिफेन्सिव्ह बॅक उतरवले. रश (क्वार्टरबॅकवर चाल) तिघांचा, आठ जण मागे झोनमध्ये, म्हणजे माणूस नाही तर जागा राखत. हिशेब साधा आहे. मैदान १६० फूट रुंद. चौघं रश करत असतील आणि तिघं खोलवर असतील तर खाली चार उरतात, प्रत्येकाच्या वाट्याला ४० फूट. तिघांचाच रश केला तर खाली पाच, वाट्याला ३२ फूट. आठ फुटांचा फरक छोटा वाटेल, पण लीच यांचं आक्रमण अशाच फटींवर चालायचं. दहा-बारा यार्डांवरची खिडकी बंद झाली की उरतो तो चार-पाच यार्डांचा छोटा पास. क्रिकेटमध्ये सीमारेषेवर माणसं पेरून एकेरी धावा देत राहावं, तसं तो द्यायचा आणि लगेच चौघांनी झडप घालायची. टचडाउनसाठी मग बारा-चौदा प्ले सलग बिनचूक करावे लागतात. क्वार्टरबॅकचा संयम त्याआधी सुटतो. कॉस्टेलोचा सुटला: तीन इंटरसेप्शन, त्यातलं एक ग्रेग ब्रूक्स ज्युनियरने ६९ यार्ड पळत थेट एंड झोनमध्ये नेलं.

दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा वाटतो. झोनमध्ये आठही जणांची नजर क्वार्टरबॅककडे असते. मॅनमध्ये पाठ त्याच्याकडे आणि डोळे रिसीव्हरच्या कमरेवर. त्यामुळे नवखा खेळाडू झोनमध्ये चुकला तरी शेजाऱ्याला ते दिसतं आणि तो भरून काढतो. मॅनमधली एक चूक म्हणजे थेट सत्तर यार्ड.

हॅशमार्क

मग २०२० मध्ये सगळ्यांनीच तिघांचा रश का नाही केला?

बाउंड्री_कॉर्नर

कारण लीच यांचा संघ चेंडू घेऊन धावत नव्हता. बॉक्समध्ये (ओळीजवळच्या मधल्या भागात) पाचच माणसं दिसली की अलाबामासारखा संघ चेंडू रनिंग बॅकच्या हातात देत राहील आणि प्रत्येक वेळी सहा यार्ड घेईल. मिसिसिपी स्टेट तशाही स्थितीत पासच टाकत राहिलं, म्हणून हा उपाय त्यांच्यावर इतका लागू पडला.

आणि पद्धत सोपी असली तरी बिघडते, नेहमी त्याच जागी:

रशवाले तिघं. टोकाचे दोघं क्वार्टरबॅकच्या मागे निघून गेले तर तो पुढे सरकून मधून निसटतो. त्यांनी त्याच्या खांद्याच्या रेषेपलीकडे जायचंच नाही. नोज टॅकलने (मधल्या लाइनमनने) समोरच्या सेंटरला मागे ढकलत न्यायचं, सॅकच्या (क्वार्टरबॅकला पाडण्याच्या) मागे लागायचं नाही.

मागे जाण्याची खोली. खालच्या पाचांतले आतले तिघं १० ते १२ यार्डांवर, कडेचे दोघं ६-७ वर. घाबरलेला लाइनबॅकर १५ पर्यंत मागे जातो आणि पुढ्यात मोठं मैदान मोकळं ठेवतो. उलट चूक म्हणजे ठरलेल्या जागी जाऊन रिकाम्या गवतावर पहारा देत उभं राहणं. जागा गाठायची, पण वाटेत डोकं फिरवून आपल्याकडे कोण येतोय ते पाहायचं.

रुंद बाजू. कॉलेजमध्ये हॅश (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन ओळी) कडेपासून ६० फुटांवर असतात. चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला १०० फूट पसरलेले असतात. पाचवा माणूस त्या बाजूला झुकवला नाही तर ३२ फुटांचा हिशेब कागदावरच राहतो.

वेळ. तिघांच्या रशमुळे क्वार्टरबॅकला चार सेकंद आणि कधी जास्तही मिळतात. तेवढा वेळ कोणताच झोन टिकत नाही. तो जागेवरून हलला की झोन सोडून प्रत्येकाने जवळचा रिसीव्हर पकडायचा. हा नियम रोज किमान सहा-आठ स्नॅप घोटायला हवा. शिवाय पाच-सहा प्लेमागे एकदा चौघं किंवा पाच पाठवायचे, नाहीतर क्वार्टरबॅक पाय रोवून उभा राहतो.

पकड_पक्की

पहिल्या प्रश्नात एक गोष्ट राहिली, टॅकलिंग, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं. त्या हंगामात ‘खिडक्या बंद केल्या’ म्हणणारे संघही झेलानंतरचे यार्ड देत होते.

सर्वांत ठळक उदाहरण नेव्हीचं. ७ सप्टेंबरला बीवाययूने त्यांना ५५-३ ने धुतलं. त्यांचे प्रशिक्षक केन नियुमाटालोलो यांनी संसर्गाच्या काळजीने कॅम्पमध्ये लाइव्ह (खऱ्या खेळाडूवरचं) टॅकलिंग केलंच नव्हतं, डमीवर भागवलं होतं. सामन्यानंतर त्यांनी चूक आपली असल्याचं सांगितलं आणि सरावात प्रत्यक्ष संपर्क सुरू केला. १९ तारखेला टुलेनविरुद्ध मध्यंतराला ०-२४ असताना नेव्हीने २७-२४ ने सामना काढला. पहिला अर्धा भाग पाहा म्हणजे कळेल की टॅकलिंग बारा दिवसांत पूर्ण परतही येत नाही.

कबड्डीत घोट्याची पकड पोत्यावर शिकता येत नाही, कारण पोतं पाय सोडवून घेत नाही. तसंच हे. डमीवर खांदा कुठे लावायचा ते कळतं. समोरचा दिशा बदलत असताना शेवटची दोन पावलं लहान कशी करायची ते कळत नाही, आणि सुटलेले टॅकल बहुतेक त्या दोन पावलांतच सुटतात.

संसर्ग आणि दुखापत दोन्ही सांभाळून करायचं तर आठवड्याचा साचा असा ठेवता येतो. रोज दहा मिनिटं पाठलाग आणि कोन: टॅकल नाही, फक्त चेंडूवाल्याच्या जवळच्या नितंबावर नजर ठेवून हाताच्या अंतरावर पोचायचं. मंगळवार-बुधवारी ‘थड’: पूर्ण वेगाने भिडायचं, मिठी मारायची, जमिनीवर न्यायचं नाही. आणि आठवड्यातून एकदा आठ ते दहा खरे लाइव्ह स्नॅप, मोकळ्या मैदानात, चेंडूवाला दुसऱ्या फळीतला. हे दहा स्नॅप कॅम्पमधून काढून टाकलेत तर पहिल्या सामन्याच्या पहिल्या दहा प्लेंमध्ये ते करावेच लागतात, गुण देऊन.

रोस्टर_५३

तिसऱ्या प्रश्नावर. एसईसीचा नियम असा होता की शिष्यवृत्तीवरचे ५३ खेळाडू, ७ ऑफेन्सिव्ह लाइनमन, आतल्या जागांचे ४ डिफेन्सिव्ह लाइनमन आणि १ क्वार्टरबॅक एवढे हाताशी नसतील तरच सामना पुढे ढकलण्याची मागणी करता येईल. लाइनबॅकर आणि डिफेन्सिव्ह बॅक यांच्यासाठी किमान आकडाच नव्हता. म्हणजे सगळे कॉर्नर विलगीकरणात गेले तरी ५३ भरत असतील तर खेळायचं. कोऑर्डिनेटरने तयारीचं सूत्र इथून काढायला हवं होतं: लाइन संपली तर सामना टळू शकतो, मागची फळी संपली तर टळत नाही.

बाधित खेळाडू दहा दिवस बाहेर, पण त्याच्या सहा फुटांच्या आत पंधरा मिनिटं बसलेले चौदा दिवस बाहेर. म्हणून खरा धोका मैदानापेक्षा बैठकीच्या खोलीत होता. सगळे सेफ्टी एका टेबलाभोवती बसून फिल्म पाहतात, एक बाधित निघतो, चौघं जातात. उपाय म्हणजे एका जागेचे पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीचे खेळाडू कधीच एकत्र बसवायचे नाहीत: बैठकीत, जेवणात, बसमध्ये, लॉकरमध्ये. बैठका उघड्यावर किंवा मोठ्या सभागृहात घ्यायच्या, आणि प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. नाहीतर कोण कोणाशेजारी होतं हे नंतर सांगता येत नाही आणि सगळ्यांनाच बाहेर काढावं लागतं.

मैदानावर प्रत्येकाला दोन जागा शिकवायच्या. निकेलला स्ट्राँग सेफ्टी, फ्री सेफ्टीला निकेल, तिसऱ्या कॉर्नरला सेफ्टी. साठ टक्के रेप्स मूळ जागेवर, चाळीस दुसऱ्या.

हॅशमार्क

हे सगळं प्लेबुकमध्ये बसवायचं तर कॉल किती ठेवायचे? आणि शुक्रवारी दुपारी निकाल आला की दोन्ही सेफ्टी बाद, तर?

रोस्टर_५३

दोन फ्रंट (पुढच्या फळीच्या मांडण्या), तीन कव्हरेज, दोन प्रेशर (जादा माणसांचा रश). कव्हरेज ३ आणि ४ (तिघं किंवा चौघं खोलवर) पक्की, आणि तिसरं आठ जण मागे जाणारं. मॅन फक्त गोल लाइनवर आणि तिसऱ्या डाउनला (प्रयत्नाला) दोन-तीन यार्ड हवे असताना. हे कमी वाटेल, पण नॉर्थवेस्टर्न पाहा. माइक हँकविट्झ २००८ पासून तिथे कोऑर्डिनेटर होते, वर्षानुवर्षं तोच चार-खोल बचाव, आणि २०२० मध्ये संघ बिग टेन परिषदेच्या वेस्ट विभागाचा विजेता. त्या परिषदेने ११ ऑगस्टला हंगाम पुढे ढकलला, १६ सप्टेंबरला पुन्हा जाहीर केला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस खेळायला सुरुवात केली. एवढ्या धरसोडीत ज्यांना काही नवं शिकायचं नव्हतं ते पुढे राहिले.

शुक्रवारचं उत्तर गुरुवारीच तयार असावं. कॉलच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारा कॉलची छोटी यादी: एकच फ्रंट, कव्हरेज ३, दोन्ही बाजूंना सारखीच रचना, म्हणजे रिसीव्हर कुठेही गेला तरी कोणाला जागा बदलावी लागत नाही. गुरुवारच्या सरावातले शेवटचे बारा स्नॅप याच यादीतून आणि मुद्दाम दुसऱ्या फळीच्या सेफ्टींसह. इशारे देणारा प्रशिक्षकही बाधित होऊ शकतो, म्हणून त्याच बारा स्नॅपना इशारे दुसऱ्याने द्यायचे.

टेक्निक_तीन

यात एक भर. २०२० मध्ये एसईसीची स्टेडियम जेमतेम पाव भरलेली होती. पाहुण्या क्वार्टरबॅकला आवाज लांबवून तुमच्या लाइनला ऑफसाइड ओढता येत होतं, आणि तुमच्या सेफ्टीने मारलेली ‘अदलाबदल’ची हाक त्यालाही स्वच्छ ऐकू येत होती. म्हणून हाकेचे शब्द दर क्वार्टरला बदलायचे. दोन जोड्या पुरतात, तिसरी केलीत तर गोंधळ आपल्याच पोरांचा होतो. आणि लाइनने आवाजावर सुटायचं नाही, चेंडू हलला की सुटायचं. हे कॅम्पच्या पहिल्या दिवसापासून, नुसत्या हेल्मेटवरही घोटून घेता येतं.