रफ कट बघून चिरफाड करणारे परीक्षक

धागाकर्ता: मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने बीडच्या ऊसतोड कामगारांवर २२ मिनिटांची डॉक्युमेंटरी केलीय. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेलो, त्यांच्या कोपीशेजारी, म्हणजे झोपडीशेजारी राहिलो, पहाटे अंधारात उसाच्या फडात कॅमेरा लावला. परवा रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन दाखवलं, तर बाहेरून आलेले परीक्षक अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "बाई उचलीबद्दल, मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल बोलतेय आणि तुम्ही तिच्यावर पियानो ओतलाय. ड्रोन काढा, निवेदन काढा, मग काय उरतं ते बघा." ज्यांनी कधी फड पाहिला नाही, त्यांनी हे ठरवायचं?

कटपेस्ट: हो, त्यांनीच. प्रेक्षकानेही फड पाहिलेला नसतो. त्याला पडदा दिसतो, तुम्हाला वाजलेली थंडी नाही. मी संकलन करते, हे भांडण रोजचं आहे. शॉट मिळवताना जीव गेला म्हणून तो ठेवायचा, असं कसं चालेल? पियानो म्यूट करून एकदा ऐका. कोयत्याचा आवाज, मोळी बांधताना वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा पिळल्याची करकर, लांब ट्रॅक्टरवरची गाणी. हे सगळं तुम्हीच रेकॉर्ड केलंय ना?

उगाच_मास्तर: असहमत. "काढा, काढा" हा अभिप्राय झाला? मी शिकवतो. मुलांना एक सेमिस्टर मिळते, कॉलेजचा एक कॅमेरा, एक लेपल माईक, त्यातही वारा शिरलेला. निवेदन बऱ्याचदा हौसेने येत नाही, मुलाखतीतला बाइट ऐकू येत नाही म्हणून येतं. कच्चं फुटेज काय आहे हे आधी विचारायचं, मग बोलायचं. आणि चारचौघांत पाणउतारा कशासाठी?

कटपेस्ट: पाणउतारा पियानोचा झाला, पोरांचा नाही.

आगाऊ_काका: घाई नडते. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाला १४ वर्षं लागली. २०११ मध्ये पूर्ण झाला.

उगाच_मास्तर: काका, सबमिशन शुक्रवारी आहे.

फड_ते_फ्लॅट: माझे आईवडील कोयत्यावर जायचे, म्हणून लिहितो. परीक्षकांचं पटलं, पण त्यांनीही अर्धंच सांगितलं. बीडमधल्या गर्भाशय काढलेल्या बायकांच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, तेव्हापासून कॅमेरेवाल्यांची रीघ आहे. बाईच्या डोळ्यात पाणी आलं की क्लोजअप, झाली फिल्म. तुमच्यात टोळी आणणारा मुकादम कुठाय? कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे उचल किती, हंगामात फिटली नाही तर पुढे काय, हे त्याला विचारलंत का? आणि वर्गाच्या आधी ही फिल्म त्या बाईंना दाखवायला हवी होती. चेहरा त्यांचा आहे.

धागाकर्ता: मुकादमाची मुलाखत आहे, पण मागे ट्रॅक्टर चालू होता म्हणून फिल्ममध्ये घेतली नाही. ताई सध्या कर्नाटकातल्या कारखान्यावर आहेत, फोन लागला तर लागतो. निवेदन कमी करू. ड्रोन मात्र काढणार नाही. फड केवढा आणि माणसं केवढीशी, हे खालून दिसतच नाही.

कटपेस्ट: मग ड्रोनचा तेवढा एकच शॉट ठेव, बाकीचे चार कशाला? मुकादमाला सबटायटल दे. ट्रॅक्टर ऐकू आला तर येऊ दे, ऊस काय ट्रॅक्टरशिवाय जातो?

उगाच_मास्तर: बघा, हे एवढं परीक्षकांना सांगता आलं असतं.

फड_ते_फ्लॅट: फिल्म टोळीतल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवा, लहान फाईल करून. दिवसा नको, रात्री भाकरी झाल्यावर. आणि ताईंना नको असेल तो भाग काढणार का, हे आत्ताच ठरवून ठेवा.