इंदुरी खोडी: गमला, ओटला आणि पोह्यांची वाफ (मापासकट लिहा)

धागा काढणारा

इंदुरात सुख कुठे मिळतं असं विचारलं की सराफा (रात्रीचा खाऊबाजार), छप्पन दुकान, राजवाडा ही नावं येतात आणि गप्पा तिथेच संपतात. इथे रोजची सुखं हवीत: गच्चीवरचे गमले (कुंडी म्हटलं तर नर्सरीवाला नुसता बघत राहतो), कॉलनीचा बगीचा, ओटला (घरासमोरचा ओटा), सकाळचे पोहे. आणि या सगळ्यात प्रत्येकाची जी एक खोड असते, ती. अट एकच. आठवणी नकोत, मापं हवीत. काय, किती, केव्हा, कशाने बिघडतं. "थोडं पाणी घाला" असं लिहिणाऱ्याला विचारलं जाईल, थोडं म्हणजे किती लोटे.

सुरुवात मातीने करतो. माळव्याची काळी माती शेतात सोनं, गमल्यात शिक्षा. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि गमल्याच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बुडाला जातं. खालून पाणी आलं म्हणून आपण खूश, आणि आत मुळं कोरडी. 12 इंची गमल्यासाठी माझं माप: चाळलेली काळी माती 2 भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत 2 भाग, जाड वाळू 1 भाग, नारळाचा भुसा 1 भाग. बारीक वाळू मुळीच नको, ती चिकणमातीत मिसळून विटेसारखी घट्ट बसते. भोकावर खापरीचा तुकडा उलटा, म्हणजे फुगीर बाजू वर. वरचे दीड इंच रिकामे. आधीच आकसलेला गमला वरून कितीही भिजवा, उपयोग नाही. तो परातभर पाण्यात अर्धा तास बुडापासून भिजत ठेवायचा.

मोगरेवाली, रामबाग

मोगऱ्याला फुलं येत नाहीत अशी तक्रार असते ती बहुतेक लाडामुळे. संक्रांत झाली की पाणी तोडा, 15 दिवस. पानं मलूल होतात, होऊ द्या. मग झाड जमिनीपासून दीड फुटावर छाटा, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा. वरची 2 इंच माती उकरून चार दिवस ऊन खाऊ द्या. नंतर दोन ओंजळी खत आणि एक मूठ हाडांचा चुरा घालून भरपूर पाणी. कळी नव्या फुटीवर येते, म्हणून न छाटलेल्या झाडाला फक्त टोकांना चार फुलं लागतात. युरिया दिला तर पानं तळहाताएवढी होतील आणि कळ्या शून्य. ऊन रोज 6 तास तरी हवंच.

कळी जांभळट पडून गळत असेल तर ती उघडून बघा, आत अळी सापडेल. अशा कळ्या वेचून साबणाच्या पाण्यात बुडवा, झाडाखाली टाकू नका. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि 2 मिली पातळ साबण, फवारणी संध्याकाळीच. दुपारी मारलीत तर पानं करपतील.

खोड म्हणाल तर ही: फुलं संध्याकाळी, उमलायच्या आधी तोडायची आणि पिळून काढलेल्या ओलसर फडक्यात ठेवायची. थेंब राहिला की पाकळी तपकिरी पडते.

बोअरिंगवाला

मोगऱ्याची, एक्झोऱ्याची, गुलाबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसतंय का? खत कमी नाही, लोह कमी आहे. मातीत लोह असतंच, पण आपली माती चुनखडीची आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळे ते मुळांना मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकला तर तोही तिथे अडकून बसतो. पानांवर फवारा: 1 लिटर पाण्यात हिराकस 5 ग्रॅम, लिंबूसत्त्व 1 ग्रॅम, ऊन उतरल्यावर, दर 10 दिवसांनी, तीनदा. द्रावण त्याच दिवशी संपवायचं. तांबूस झालं की ओतून द्या. जुनी पानं हिरवी होणार नाहीत, नवी बघा. आणि जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर तो नत्राचा प्रश्न, लोहाचा नाही.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं म्हणून पुष्कळ जण आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालतात. ते तर मशीनमध्ये गेलेल्या पाण्यापेक्षाही खारट. फरशी पुसा त्याने.

शेवंती काकू

शेवंती नोव्हेंबर संपला तरी कळ्या धरत नाही, याची दोन कारणं. एक, शेंडे उशिरापर्यंत खुडले. जूनच्या शेवटी 3 इंची काडी लावा, पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा, मग दर तीन आठवड्यांनी एकदा, आणि पोळ्यानंतर हात लावू नका. दुसरं कारण कोणी बघतच नाही: रस्त्यावरचा दिवा. शेवंतीला कळी धरायला लांब अखंड रात्र लागते. गॅलरीसमोर दिवा असेल तर तिला वाटतं अजून उन्हाळाच आहे. सप्टेंबरपासून कळ्या दिसेपर्यंत संध्याकाळी 6 ला वर खोका घालायचा, सकाळी 8 ला काढायचा. शेजारी हसतात. मधेच दोन-चार रात्री विसरलात तर कळी लांबते, म्हणून घड्याळाचा गजर लावून ठेवा.

वाफवाला

इंदुरी पोहे पुण्याच्या पोह्यांसारखे कढईत परतून होत नाहीत, वाफेवर होतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. चौघांना 250 ग्रॅम जाडे पोहे. चाळणीत नळाखाली दोनदा धुवा, भिजत घालू नका. 10 मिनिटं निथळू द्या. अर्धा चमचा हळद, 1 चमचा मीठ, 2 चमचे साखर हलक्या हाताने लावा. त्यावर फोडणी दीड मोठा चमचा तेलाची: मोहरी, 1 चमचा बडीशेप, अर्धा चमचा भरडलेले धणे, चिमूटभर हिंग, 3-4 हिरव्या मिरच्या. कांदा फोडणीत नाही, तो वरून कच्चा.

आता वाफ. पातेल्यात लिटरभर पाणी उकळा, त्यावर पोह्यांची चाळणी अशी बसवा की पाणी आणि चाळणीत 2 इंच तरी अंतर राहील. पाणी लागलं की खालचा थर खीर होतो. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर घामाचे थेंब पोह्यांवर पडून गोळे होतात. 8 ते 10 मिनिटं, मधे एकदा खालीवर. मऊ होत नसतील तर पोहे जुने आहेत, दोन चमचे पाणी शिंपडून आणखी 3 मिनिटं. पातळ पोहे घेतलेत तर यातलं काहीच वाचवू शकणार नाही. ठेल्यावर हेच पातेलं सकाळभर उकळत असतं, म्हणून नवाच्या पोह्यांना सहाच्या पोह्यांचा मऊपणा राहतो.

वरून कांदा, कोथिंबीर, लिंबू, जीरावन (इंदुरी कोरडा मसाला) आणि सगळ्यात शेवटी सेंव. सेंव दोन मिनिटांत मऊ पडते, म्हणून प्लेट हातात आल्यावर गप्पा मारायच्या नाहीत. जिलबी शेजारच्या कागदावर, पोह्यांच्या प्लेटीत नाही. (याबद्दल वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.)

जीरावनची बरणी

वाफवाले भाऊ, जीरावन विकतचं का? धणे 50 ग्रॅम, जिरे आणि बडीशेप 25-25, सुक्या मिरच्या 10, मिरी 5, दालचिनी 3, लवंग 2 (सगळं ग्रॅममध्ये), तेजपान 3 पानं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, मंद आचेवर. एकत्र भाजलेत तर धणे होईपर्यंत जिरे जळतं आणि सगळं कडू. पूर्ण गार झाल्यावर दळा, मग काळं मीठ 20 ग्रॅम, आमचूर 20, सुंठ पूड 5, हळद 1 चमचा, हिंग अर्धा चमचा. मसाला गरम असतानाच मीठ-आमचूर घातलं की ओल धरून दोन दिवसांत ढेकूळ होतं. पेरूवर, काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर, ताकात. वरण-भातावर घालणारेही आहेत, त्यांना मी काही बोलत नाही.

ओटल्यावरून

झाड लावताना ओटल्याचा विचार करा. गुलमोहराची मुळं वरवरच पसरतात, भिंतीपासून 5 मीटरच्या आत लावलात तर फरशी उचलणार. त्यापेक्षा पारिजातक. रात्री झोपताना खाली जुनी सुती चादर अंथरा, पहाटे चारी कोपरे उचलले की फुलं मातीशिवाय गोळा. सप्तपर्णी ओटल्यापासून लांबच बरी, ऑक्टोबरच्या रात्री तिच्या वासाने डोकं धरतं.

चिमण्यांच्या पाण्याचं मातीचं ताटलं 1 इंचापेक्षा खोल नको, नाहीतर त्या कडेवरूनच परततात. पाणी रोज बदलाच, शिवाय दोन दिवसांनी काथ्याने कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वर, कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

ओला-सुका

स्वच्छतेत पहिला नंबर आला तरी भाजीची देठं कचरागाडीत देणं मला पटत नाही. घरच्या खतासाठी 20 लिटरची बादली, बुडाला आणि बाजूंना पेन्सिल जाईल एवढी 15-20 भोकं, खाली दोन विटा. एक वाटी ओलं, त्यावर दोन वाट्या चुरलेली सुकी पानं, रोज. पानं कॉलनीच्या बगीच्यात माळ्याला सांगितलं की पोतंभर मिळतात. मूठ दाबली तर एखादा थेंब यावा, इतकी ओल. वास आला तर ओल जास्त: पानं वाढवा, उलथा. काहीच होत नसेल तर कोरडं: मे महिन्यात लोटाभर पाणी. करड्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या काम करून राहिल्यात. उरलेली सेंव, लोणचं, तळण घालू नका, मीठ आणि तेल दोन्ही गमल्याला मारतं. दोन-अडीच महिन्यांत काळं, पावसाच्या मातीच्या वासाचं खत.

दुर्बीण

सिरपूर तलाव 2022 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आला, तरी पुष्कळ इंदूरकरांना तो फक्त धार रोडवरून दिसतो. पक्षी बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयानंतर पहिले दोन तास, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. उलटे उभे राहिलात तर सगळी बदकं काळी दिसतील. दुर्बीण 8×42 (8 पट, 42 मिमीचं भिंग) घ्या. 10 पटीची हातात थरथरते. थापट्या चोचीवरून ओळखा (फावड्यासारखी), तलवार बदक शेपटीवरून, चक्रवाक नारिंगी अंगावरून.

गराडू

थंडीचा विषय निघालाय तर सराफ्याचा गराडू (एक कंद) घरी. सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाज सुटते. इंचभर फोडी, आधी मंद तेलात 8 मिनिटं, सुरी आत जाईपर्यंत. काढून 10 मिनिटं गार, तळहाताने हलकं चेपा, मग कडक तेलात दीड मिनिट. एकदाच तळलेला बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो. गरम असतानाच लिंबू आणि जीरावन.

शेवंती काकू

खोक्याबद्दल तिघांनी विचारलंय म्हणून: पुठ्ठ्याचा चालतो, फटींना काळी चिकटपट्टी लावा आणि वर एक वीट ठेवा. मांजर बसतं.