मदत हवी आहे: ‘नाइस’ला मराठीत काय म्हणू?

मंडळी, जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’तल्या (1817) चौदाव्या प्रकरणाचा अनुवाद करतेय आणि ‘नाइस’ या एका विशेषणापाशी गाडं अडलंय. लॅटिनमधला ‘अजाण’ फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ म्हणून. मग चोखंदळ, काटेकोर असं करत करत अठराव्या शतकात नुसता ‘छान’ झाला. कादंबरीचा नायक हेन्री टिल्नी नेमकी त्याचीच टर उडवतो. नायिका कॅथरीन एका कादंबरीला ‘नाइस’ म्हणते, तर हा विचारतो, म्हणजे नीटनेटकी ना? ते पुस्तकाच्या पुठ्ठा-बांधणीवर अवलंबून! वर दिवस, फेरफटका, सोबतच्या दोघी मुली, सगळ्यांना तेच विशेषण चिकटवून दाखवतो.

‘छान’मधून कोटीच निघत नाही. ‘सुबक’ बांधणीला चपखल, पण दिवस सुबक कसा? ‘भारी’ने विनोद जमतो (वजन करून बघू या!), पण टिल्नी थेट कॉलेजच्या कट्ट्यावर जाऊन बसतो.

तळटीप चालणार नाही, मूळ इंग्रजी शब्दही ठेवायचा नाही, असं संपादकांनी बजावलंय. वेगवेगळे शब्द वापरले तर गंमतच जाते.

तर उठता-बसता कशालाही लावता येईल, तरी ज्याचा जुना, नेमका अर्थ अजून कानाला जाणवेल आणि त्या काळातल्या माणसाच्या तोंडी शोभेल, असं एकच विशेषण कुणाला सुचतंय का?