कोशिंबाची लाल पालवी आणि सागाचा पिवळा पाला : द्रव्य एकच का?

प्रश्न (मेढा, जि. सातारा)
आमच्या ओढ्याकाठी जुने कोशिंबाचे झाड आहे. फाल्गुनात त्याला इतकी लालभडक पालवी फुटते की लांबून झाड फुलल्यासारखे वाटते, आणि पुढे तीच पाने हिरवी होतात. बांधावरच्या सागाची हिरवी पाने मात्र हिवाळा सरताना पिवळी पडून गळतात. दोन्ही वेळा पानातले एकच द्रव्य बदलते का? शिवाय हा पाला राबासाठी, म्हणजे रोपांचा वाफा भाजायला, जाळावा की खतासाठी कुजवावा?

उत्तर १
द्रव्ये वेगळी आहेत. कोशिंबाच्या पालवीतला लाल रंग अँथोसायनिनचा असून ते कोवळ्या पानात नव्याने तयार होते. पान मऊ असेपर्यंत किडी ते सहज खातात. म्हणून अशी झाडे त्यात हरितद्रव्य उशिरा भरतात, आणि पान जून, चिवट झाले की ते हिरवे होते. सागातला पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा. ती पानात आधीपासूनच असतात. हरितद्रव्य मोडले की उघडी पडतात. सागाचे कोवळे पान चुरगळून पाहा, बोटे लाल होतील. जून पानाचा रंग तसा उतरत नाही.

उत्तर २
मला यात सर्वांत मोलाची वाटते ती गळतीपूर्वीची आवराआवर. हरितद्रव्य आणि प्रथिने मोडून झाड पानातला साधारण निम्मा नायट्रोजन व फॉस्फरस फांदीत परत ओढून घेते, तर कॅल्शियम हलत नसल्यामुळे पानातच साठून राहते. थंड देशांत लहान होणारा दिवस आणि थंडी ही याची सूचना असते. आपल्याकडे मुख्यतः जमिनीतली ओल आटणे.

उत्तर ३
म्हणूनच गळालेल्या सागपाल्यात नायट्रोजन आधीच कमी असतो, आणि जाळल्यावर उरलेलाही बहुतांश हवेत जातो. राखेत पोटॅश, कॅल्शियम, थोडा फॉस्फरस राहतो. राब भाजल्याने तणाचे बी मरते, हे वाडवडिलांचे निरीक्षण खरेच आहे, त्यामुळे रोपांच्या वाफ्यापुरता राब समजण्यासारखा आहे. बाकीचा पाला माझ्या मते जाळू नये. नुसता ठेवला तर तो फार सावकाश कुजतो; ओले शेण आणि गिरीपुष्पाचा हिरवा पाला थरांत घालून ओलावा राखावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. बांधाला गिरीपुष्प आहेच, यंदा खड्डा त्याच्याजवळ घेतो.