ट्रेनच्या ग्रुपमधली एक जण रोज एकच ओळ गुणगुणते. सांगावं की सोसावं?

बोरिवली_स्लो:

मंडळी, प्रश्न फुटकळ वाटेल, पण माझं डोकं खरंच कामातून गेलंय.

सकाळची बोरिवलीहून सुटणारी चर्चगेट स्लो, लेडीज सेकंड. खिडकीपाशी आमचा ग्रुप ठरलेला. बोरिवलीच्या आम्ही दोघी जागा धरतो, मग कांदिवलीची, मग मालाडची ताई. गोरेगावची चौथ्या सीटवर अर्धी टेकते आणि अंधेरीला कोणी उठलं की सरकून नीट बसते. नावं सगळ्यांची माहीत आहेत, पण हाक स्टेशनानेच मारतो.

मालाडची ताई शाळेत शिकवते, ग्रँट रोडला उतरते. माणूस म्हणून सोनं. कोणाच्या घरी आजारपण आलं की पहिला डबा तिच्याकडून जातो. पण ती गुणगुणते. मांडीवर पिशवी, पिशवीवर पेपर, पेपरवर मेथी. डाव्या हातात काडी, उजव्या हाताने पानं खुडायची, आणि ओठ मिटून हं-हं-हं सुरू. कुठल्याशा जुन्या हिंदी गाण्याची चाल आहे. पहिली ओळ पूर्ण, दुसरी अर्धी, आणि सूर वर चढणार तेवढ्यात बाई थांबते. जुडीतल्या पुढच्या काड्या घेते आणि परत पहिल्यापासून. मेथी नसेल तर मटार. मटार नसतील तर रिकाम्या हातांनी. थांबायची जागा मात्र तीच.

मी दादरला उतरते आणि ती दीड ओळ माझ्याबरोबर उतरते. व्हाउचर तपासताना तीच, जेवताना तीच. परवा कुकरच्या शिट्ट्या मोजायला उभी राहिले, तर शिट्ट्या राहिल्या बाजूला आणि मी हं-हं-हं.

एवढ्यावर भागलं असतं. पण कांदिवलीचीने आता वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, ताईला वगळून. नाव ठेवलंय 'शांतता राखा'. सुरुवातीला तिथे गुणगुणण्यावरून चेष्टा चालायची. आता तिच्या साड्या, तिचं बोलणं, डब्यातल्या भाजीतला गूळ, सगळंच निघतं. आणि सगळ्या मला म्हणतात, तू शेजारी बसतेस, तूच सांग तिला.

आता आमच्यात धुतल्या तांदळाची कोण आहे ते सांगते. गोरेगावची सासूशी स्पीकर लावून बोलते. कांदिवलीची सकाळी सकाळी अंडाभुर्जीचा डबा उघडते, तेही समोर चातुर्मास पाळणारी बसलेली असताना. मी भर पावसात खिडकी बंद करू देत नाही. यावर कधी ग्रुप निघाला नाही!

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही दीड ओळ डोक्यातून काढायची कशी? आणि तिला सांगायचं का?

हेडफोन_जिंदाबाद:

हेडफोन घाला. विषय संपला.

बोरिवली_स्लो:

घालून झाले. गाणं आत वाजतंय हो, बाहेर नाही. शिवाय हेडफोन घातले की लगेच "काय गं, रुसलीस का?"

कानसेन:

मी गात नाही, नुसता ऐकतो, पण या रोगाचा जुना रुग्ण आहे. म्हणून थोडं वाचून ठेवलंय.

तुमच्या वर्णनात खरी गोम त्या अर्ध्या ओळीत आहे. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी दाखवलं, की मध्येच तोडलेलं काम माणसाला पूर्ण केलेल्या कामापेक्षा जास्त आठवत राहतं. त्यावर पुढे वादही पुष्कळ झाले, सगळ्यांच्या प्रयोगात तसं दिसलं नाही. पण गाण्याच्या बाबतीत मला ते पटतं. २००५ साली अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या लोकांनी ओळखीची गाणी ऐकवून मधले तुकडे गाळले. आवाज बंद, तरी मेंदूचा ऐकण्याचा भाग चालूच. म्हणजे गाळलेली जागा मेंदू स्वतः गाऊन भरतो. तुमच्या मेंदूला पुढची ओळ माहीतच नाही, मग तो भरणार काय? जाऊन येऊन त्याच खांबाला डोकं आपटतोय.

म्हणून पहिला उपाय: गाणं शोधा आणि एकदा शेवटपर्यंत ऐका. शब्द येत नसतील तर चाल कोणाला तरी म्हणून दाखवा, ओळखणारं कोणीतरी भेटतंच.

दुसरा: काहीतरी चघळा. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठात २०१५ च्या सुमारास हा प्रयोग झाला. च्युइंग गम चघळणाऱ्यांच्या डोक्यात गाणं कमी वेळा आलं. आपण मनात गातो तेव्हाही जीभ-जबड्याची यंत्रणा थोडीफार गुंतलेली असते, तिला दुसरं काम दिलं की गाणं अडखळतं. मी बडीशेप चघळतो, मला चालते.

तिसरा: डोकं बेताचं गुंतवा. आयरा हायमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सुडोकू सोडवायला दिली होती. फार सोपं कोडं असलं की मन भटकतं आणि गाणं परत येतं, फार कठीण असलं तरी तेच. व्हाउचर तपासणं तुम्हाला बहुधा फार सोपं जातंय.

आणि हे ट्रेनमध्ये होतंय याचं नवल वाटून घेऊ नका. मार्क ट्वेनने १८७६ मध्ये यावरच एक गोष्ट लिहिली. ट्रामचा कंडक्टर तिकिटं पंच करतो, त्यावरचं यमक निवेदकाच्या डोक्यात बसतं, आणि दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय सुटत नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला सुरू झालेली, म्हणजे असला एखादा पीडित तेव्हा कुलाब्यालाही असणारच.

ताईला सांगायचं का, ते बायकांच्या डब्यातल्या जाणकारांनी सांगावं. मी जनरलवाला.

निवृत्त_काकू:

बाई गं, गाणं जाईल. तो दुसरा ग्रुप आधी बंद कर.

५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी त्याच गाडीने. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण कुजबुज होती, आणि कुजबुजीची चाल काही वेगळी नसते. एका गोष्टीवरून सुरू होते आणि मग माणूसच नकोसं होतं. तुझ्या त्या ग्रुपात साडीपर्यंत गाडी आलीच आहे ना?

आमच्यात एक होती, नवरात्रात रंग पाळायची नाही. सगळ्या हिरव्यात आणि ही आपली मरून सलवार-कमीजमध्ये. पहिल्या वर्षी फोटोच्या वेळी तिला "तू जरा बाजूला हो" म्हणाले कोणीतरी. ती झाली बाजूला, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण बांधायला आलीच नाही. तोरण बांधायला उंच तीच होती! आम्ही बाकावर चढून बांधलं, ते वांद्र्याला सुटून एका प्रवासी बाईच्या डोक्यावर पडलं. पुढच्या वर्षी फोटोत मरूनही होता. रंग तिने शेवटपर्यंत पाळले नाहीत, आणि आमच्यातल्या दोघींना ते शेवटपर्यंत खटकत होतं. खटकू दे की. खटकणं आणि वगळणं यात फरक आहे.

सांगायचं असेल तर तूच सांग, पण त्या बाकीच्यांची वकील म्हणून नको. "सगळ्यांना त्रास होतो" म्हणालीस की संपलं, मग ती रोज सगळ्यांची तोंडं वाचत बसेल. "मला होतो" म्हण. आणि उतरताना सांगू नकोस. उतरताना सांगितलेलं माणूस दिवसभर घेऊन फिरतं. चढल्या चढल्या सांग, म्हणजे गोड करायला हाताशी तासभर असतो.

झीलकरी:

सेंट्रलवरून नमस्कार. आमच्या डब्यात सकाळचं भजन असतं. मी मागे झील ओढतो, बुवा पुढे.

काकूंचं पटलं, पण एक सांगतो, प्रत्येक गोष्ट गोड होत नाही. आमच्याकडे एक तरुण आला, गळा चांगला, पण अभंगांना सिनेमाच्या चाली लावायचा. डबा खूश, दरवाज्यातली पोरंसुद्धा टाळ्या धरायची. बुवा मात्र तापले. त्यांचं म्हणणं असं, की लोक उतरताना अभंग घेऊन उतरत नाहीत, सिनेमाचं गाणं घेऊन उतरतात. आणि ते खरं होतं! मी स्वतः ऑफिसात पोचेपर्यंत तोंडात हिरोचे शब्द असायचे, तुकोबांचे केव्हाच गळून पडलेले.

भांडण इतकं वाढलं की दोन मंडळं व्हायची वेळ आली. शेवटी ठरलं: घाटकोपरपर्यंत बुवांच्या पद्धतीने, गजर, रूपाचा अभंग, सगळं रीतसर. घाटकोपरनंतर पोराचं राज्य. तेव्हा बुवा टाळ पिशवीत ठेवतात, चेन लावतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. जागा सोडत नाहीत. भैरवीला परत टाळ बाहेर. त्यांना ती चाल अजूनही पसंत नाही आणि ते तसं रोज म्हणतातही.

शिवाय एका प्रवाशाने सांगितलं, रात्रपाळी करून येतो, झोपू द्या. काही जण त्याच्यावर धावून गेले, देवाचं नाव घेतोय म्हणून. अहो, पास त्याचाही तेवढाच! आम्ही डब्याच्या दुसऱ्या टोकाला सरकलो. म्हणून म्हणतो, गुणगुणू नको असं सांगण्याऐवजी कुठपासून कुठपर्यंत ते ठरवा.

हेडफोन_जिंदाबाद:

म्हणजे शेवटी सोसायचंच.

झीलकरी:

घाटकोपरपर्यंत.

बोरिवली_स्लो:

कळवते काय झालं ते.

काकूंचं ऐकून ताई चढल्या चढल्याच विषय काढला. म्हटलं, "ताई, तुम्ही रोज गुणगुणता ते गाणं कुठलं? माझ्या डोक्यातून जातच नाही." ती म्हणाली, "मी? मी कुठे गुणगुणते?" खरंच माहीत नव्हतं तिला. मग भर डब्यात मला हं-हं-हं करून दाखवावं लागलं. समोरची अनोळखी बाई हसायला लागली.

ताईने कपाळावर हात मारला. ते गाणं नाहीच! म्हणजे चाल गाण्याचीच आहे, पण त्यावर ती वर्गासाठी सनावळ्या बसवतेय. मुलांना साल पाठ होत नाहीत, म्हणून. अठराशे त्रेपन्न, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. अठराशे सत्तावन्न, मुंबई विद्यापीठ. इथवर 'न्न'ला 'न्न' छान जुळतं. पुढे अठराशे पंच्याऐंशी, काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, गोवालिया टँकजवळ, तेजपाल संस्कृत कॉलेजात. तिची शाळा तिथून चालत जाण्यासारखी, त्यामुळे ते गाळायची तिची तयारी नाही. आणि 'पंच्याऐंशी' काही केल्या त्या वरच्या सुरावर बसत नाही. म्हणून रोज तिथे येऊन थांबायचं आणि परत पहिल्यापासून. मनातल्या मनात चाललंय अशी तिची समजूत होती.

मग काय, सगळ्या लागल्या कामाला. गोरेगावचीने सासूचा फोन कट केला, हे पहिल्यांदाच घडलं. कोणी म्हणालं आधी 'काँग्रेस' घ्या आणि साल मागून, कोणी म्हणालं सूरच खाली आणा. ताई सूर खाली आणायला तयार नाही, मुलांना तिथे ओरडायला आवडतं म्हणे. शेवटी कांदिवलीचीने तोडगा काढला: 'पंच्या' वर घ्यायचं आणि 'ऐंशी' लांबवत खाली उतरायचं. बसलं. माहीमला आम्ही ते एवढ्या जोरात म्हटलं की पलीकडच्या बाकावरून "अहो, झोपलंय ना कोणीतरी" आलं. त्या बाईचंही बरोबर होतं.

पण म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. कांदिवलीचीने तिथेच ताईला सांगितलं, की माझं बाळ रात्रभर जागवतं, मला अंधेरीपर्यंत डोळे मिटायला हवेत, तेव्हा अंधेरीपर्यंत चाल नको. ताईला लागलं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण मान्य केलं. आता मालाड ते अंधेरी ताई ओठ घट्ट मिटून मेथी निवडते आणि अंधेरी सुटली की सुरू. झीलकरी, तुमचा घाटकोपरचा नियम पश्चिम रेल्वेवर लागू झालाय.

'शांतता राखा'मधून मी बाहेर पडले. त्यावरून बोरिवलीचीच माझी जोडीदार माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही. ग्रुप अजून चालू आहे. आता त्यात बहुधा मी असेन.

कानसेन, तुमचा पहिला उपाय लागू पडला. ओळ पूर्ण झाली आणि ते अर्धवट चक्र थांबलं. पण काल अठरापासून सुरू होणारा व्हाउचर नंबर टाकताना तोंडून 'त्रेपन्न' निघालं. बडीशेप आणली आहे.

कानसेन:

पंच्याऐंशीनंतर काय घेतलंय?

बोरिवली_स्लो:

बेचाळीस, छोडो भारत. तेही गोवालिया टँकलाच. पण मध्ये मोठी पोकळी आहे, ताई म्हणते दोन साल हवीत.

झीलकरी:

एकोणीसशे पंचवीस घ्या. पहिली विजेची लोकल, व्हीटी ते कुर्ला.

निवृत्त_काकू:

सगळं सेंट्रललाच काय? एकोणीसशे अठ्ठावीस, कुलाबा ते बोरिवली वीज. आणि ब्याण्णवची लेडीज स्पेशल विसरलात तर बघा.

बोरिवली_स्लो:

पंचवीस चालीत बसतंय. अठ्ठावीस ओढूनताणून बसेल. ब्याण्णव उद्या अंधेरीनंतर बघते.