मदत हवी आहे: आईला तिसऱ्यांदा सी. डिफ, एफएमटीला तयार कसं करू?

आई ६८ वर्षांची. दाताच्या दुखण्यासाठी क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलं आणि आठवड्याभरात पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. स्टूल टेस्टमध्ये सी. डिफ, म्हणजे आतड्यात जुलाब घडवणारा जंतू, निघाला. दहा दिवस तोंडावाटे व्हँकोमायसिन (त्यावरचं अँटिबायोटिक) घेऊन बरी झाली, तीन आठवड्यांत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी डोस हळूहळू उतरवत नेला, तो संपला आणि बाराव्या दिवशी परत सुरू. सध्या पुन्हा व्हँकोमायसिनवर आहे, त्यामुळे पोट शांत आहे.

तिने एक वही केलीय. संडासच्या प्रत्येक खेपेला पेन्सिलीची एक रेघ, पाचवी आडवी. सगळ्यात वाईट पानावर चौदा रेघा आहेत. आता दिवसाला दोनच असतात, तरी संडासाच्या दाराशी ठेवलेली खुर्ची ती हलवू देत नाही.

डॉक्टर एफएमटी सुचवतायत, म्हणजे निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू आतड्यात सोडायचे. २०१३ च्या डच चाचणीबद्दल वाचलं: १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेत बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. माणसं थोडी, पण फरक केवढा! आई मात्र ‘शी, मेले तरी नाही’ म्हणते. त्यात धाकटा भाऊ म्हणतो, विष्ठा मीच देतो, एनिमाचं सामान आणून घरीच उरकू. कोणी यातून गेलंय का?

निशिगंध: माझ्या यजमानांचं कोलोनोस्कोपीतून झालं. आधी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं, खरा वैताग तेवढाच. नंतर झोपेचं इंजेक्शन. ना काही दिसलं, ना वास आला. काकूंना नळी नको असेल तर कॅप्सूलचं विचारा. २०१७ च्या कॅनडातल्या चाचणीत कॅप्सूल आणि कोलोनोस्कोपी दोन्हींत १२ आठवड्यांनी सुमारे ९६ टक्के लोकांना आजार उलटला नव्हता. व्हँकोमायसिन कधी थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर नवे जंतूही त्यातच मरायचे.

सूक्ष्मदर्शी: मी लॅबमध्ये काम करते. भावाला आधी थांबवा! धडधाकट माणसाच्या पोटातही औषधांना न जुमानणारे जंतू गपचूप राहतात. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) इशारा दिला होता तो याचमुळे. एकाच दात्याच्या विष्ठेतून दोन रुग्णांना असा ई. कोलाय लागला, त्यातला एक गेला. दोघांचीही प्रतिकारशक्ती आधीच कमी होती आणि त्या विष्ठेची या जंतूसाठी तपासणी झालेली नव्हती. घरच्या बादलीत ही तपासणी कशी करणार?

आजार का उलटतो, तर व्हँकोमायसिन जंतू मारतं, त्याचे बीजाणू (कडक कवचातलं सुप्त रूप) मरत नाहीत. औषध थांबलं की ते रुजतात आणि त्यांना आवरणारी आतड्यातली वस्ती अँटिबायोटिकने आधीच उजाड केलेली असते. एफएमटीने ती वस्ती परत बसवायची असते. घरात हात साबण-पाण्यानेच धुवा, सॅनिटायझरने बीजाणू मरत नाहीत. संडास ब्लीचने पुसा. आणि बरं वाटू लागल्यावर उगाच स्टूल टेस्ट करू नका, पीसीआर (जंतूचे जनुक शोधणारी टेस्ट) नंतरही कितीतरी दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते.

एक अजून: तिसऱ्या वेळी टॉक्सिनची, म्हणजे जंतू सोडतो त्या विषाची, टेस्ट झाली होती का? इन्फेक्शन गेल्यावरही काहींचं पोट बिघडलेलंच राहतं, त्यावर एफएमटीचा उपयोग नाही.

धागाकर्ता: दोघींचे आभार. टॉक्सिन पॉझिटिव्ह होतं, रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. भावाला तो २०१९ चा किस्सा वाचायला दिला, तेव्हापासून गप्प आहे. आईला कॅप्सूलचं सांगितलं तर म्हणाली, कोणाचं आहे ते कळतं का? नाही म्हटलं. ‘मग बरं,’ म्हणाली. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, वही सोबत नेतोय.