नळांवरील क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने काढावेत का?

न्हाणीघरातील नळ आणि शॉवर क्रोमचा मुलामा दिलेले आहेत आणि पाणी बरेच क्षारयुक्त आहे. वरच्या भागावर सुकलेल्या थेंबांची पांढरट वलये दिसतात, ती एक वेळ चालवून घेता येतील. परंतु नळ भिंतीला जिथे टेकतो त्या कडेला आणि तोटीच्या तोंडाशी खरखरीत पुटे जमली असून साबणाने किंवा भांडी घासण्याच्या द्रावणाने ती जराही हलत नाहीत. घरात पांढरे व्हिनेगर आहे. ते थेट लावले तर मुलाम्याची चकाकी जाईल का, किती वेळ ठेवावे आणि त्यात खाण्याचा सोडा मिसळल्याने खरोखर फायदा होतो का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. नळाखालचा ओटा संगमरवरी आहे, म्हणून विशेष धास्ती वाटते.

प्रतिसाद १

धास्ती योग्य जागी आहे. ही पुटे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि संगमरवरही त्याचाच बनलेला असतो. त्यामुळे जे आम्ल डाग विरघळवते तेच ओट्याची झिलईही खाते. ओट्यावर आधी प्लास्टिक अंथरून त्यावर जुना टॉवेल ठेवावा, म्हणजे ओघळ खाली पोहोचणार नाही.

व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात कापड भिजवावे, पिळून डागांभोवती गुंडाळावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढून मऊ ब्रशने घासावे. पुट जाड असल्यास रात्रभर ठेवण्यापेक्षा हीच कृती पुन्हा करणे बरे, कारण क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि तो कुठे झिजला असेल तर आम्ल आतल्या धातूपर्यंत पोहोचते. नंतर भरपूर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. तारेची घासणी मात्र नळाच्या जवळपासही नेऊ नये. तिचे ओरखडे कायमचे राहतात.

सोडा व्हिनेगरमध्ये घातला की फेस झकास येतो, पण दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळजवळ खारे पाणीच. ब्लीच असलेले कोणतेही द्रावण व्हिनेगरसोबत किंवा त्याच्या पाठोपाठ वापरू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

प्रतिसाद २

तोटीच्या तोंडाशी असलेली जाळी फिरवून निघत असेल तर ती काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावी. त्याआधी मोरीच्या छिद्रावर फडके टाकावे, कारण आतला बारीक वॉशर घरंगळला की सगळा उत्साह मावळतो. व्हिनेगरच्या वासाचा त्रास होत असल्यास सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून तसेच वापरता येते. वास येत नाही आणि काम तेच होते. काळ्या किंवा सोनेरी मुलाम्याच्या नळांना मात्र यातले काहीही लावण्यापूर्वी उत्पादकाची सूचना वाचावी, कारण त्यांपैकी अनेकांवर आम्ल चालत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. ओटा झाकून ओले कापड गुंडाळले; तोटीचे पुट भुसभुशीत होऊन निघाले आणि भिंतीलगतची कडही बरीचशी मोकळी झाली. मात्र मुठीवर काही ठिपके तसेच आहेत. बोट फिरवल्यास ते उंचवट्यासारखे न लागता किंचित खोलगट लागतात आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर बुडबुडेही येत नाहीत. हे क्षारच आहेत का?

प्रतिसाद १

या वर्णनावरून ते क्षार वाटत नाहीत. तिथला मुलामाच खड्डे पडून उडालेला दिसतो. घासल्याने किंवा आणखी आम्ल लावल्याने ते वाढतील, म्हणून मुठीवरचे काम तिथेच थांबवावे. डाग फारच खटकत असतील तर पूर्ण नळ न बदलता केवळ मूठ बदलून मिळते का, ते प्लंबरला विचारावे.